छेदात √२ राहिलं तर नेमकं काय बिघडतं?

ओसरी (धागाकर्ती)

लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. परवा घटक चाचणीचे पेपर सहीसाठी घरी आले. एक उदाहरण होतं: चौरसाचा कर्ण १ मीटर आहे, तर बाजू काढा. तिने पायथागोरस लावला, १/√२ मीटर असं उत्तर काढलं आणि खाली दोन रेघा मारल्या. अर्धा गुण कापलाय आणि बाजूला लाल शाईत एकच शब्द: "परिमेयीकरण?" म्हणजे छेदातलं वर्गमूळ घालवून तिथे साधी संख्या आणणं.

गुणाचं काही नाही. पण तिने विचारलं, "आई, १/√२ आणि √२/२ एकच ना? मग चुकलं काय?" मी म्हटलं, छेदात करणी (√२ सारखं न सुटणारं मूळ) ठेवायची नसते. तर म्हणाली, "नसते म्हणजे?"

मला पुढे काही सांगता आलं नाही. मलाही शाळेत हेच सांगितलं होतं आणि मी ते जसंच्या तसं पुढे सरकवलं. मग तिने गणित भाग २ उघडून त्रिकोणमितीचं कोष्टक दाखवलं. साइन ४५° समोर पुस्तकातच १/√२ छापलंय. भाग १ म्हणतो छेदातून करणी काढा, भाग २ ती बिनदिक्कत ठेवतो, आणि दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात.

इथे गणित शिकवणारे, वापरणारे बरेच जण आहेत. तिला खरं कारण सांगायचंय. "पद्धत आहे" हे उत्तर नको.

----------

चिंचेचा पार

लेकीला शाब्बास म्हणा. हा प्रश्न मला तीस वर्षांपूर्वी पडला होता, पण विचारायची छाती झाली नाही.

माझ्यापुरतं उत्तर असं की सगळ्यांनी एकाच साच्यात उत्तर लिहिलं की ताडून बघायला सोपं जातं. एकाने ६/√३ लिहिलं, दुसऱ्याने √१२, तिसऱ्याने २√३. तिघंही बरोबर, पण बघताक्षणी कळत नाही. ४/८ चं आपण १/२ करतो, तसंच हे.

----------

खडूफळा

मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला गणित शिकवत होतो, आता निवृत्त आहे. ओसरीताई, आधी त्या अर्ध्या गुणाबद्दल. प्रश्नात "छेदाचे परिमेयीकरण करा" असं लिहिलेलं नसेल, तर १/√२ हे पूर्ण बरोबर उत्तर आहे. मी असतो तर गुण कापला नसता. तसं लिहिलेलं असेल तर मात्र ते करून दाखवायलाच हवं, कारण तिथे तेच विचारलंय. या दोन गोष्टींची आपण शिक्षक मंडळी नेहमी गल्लत करतो आणि मुलांच्या मनात "छेदात करणी म्हणजे चूक" असं पक्कं बसतं. ती चूक नाही.

आता कारण. लेकीला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगा. √२ म्हणजे साधारण १.४१४२, एवढंच द्या आणि १/√२ ची किंमत हाताने काढायला लावा. १ भागिले १.४१४२. दशांश चिन्ह घालवायचं तर १०००० भागिले १४१४२ असा भागाकार मांडावा लागतो. भाग जात नाही, म्हणून शून्य पूर्णांक, मग १००००० मध्ये १४१४२ किती वेळा? सातने गुणून बघायचं, ९८९९४, बाकी १००६. शून्य घ्या, १००६०, भाग जात नाही, पुन्हा शून्य. १००६०० मध्ये परत सात वेळा, बाकी १६०६. मग १६०६० मध्ये एकदा. आलं ०.७०७१. अर्धं पान गेलं आणि प्रत्येक पायरीला १४१४२ च्या पाढ्याचा अंदाज बांधावा लागला.

आता √२/२ घ्या. १.४१४२ चे निम्मे, ०.७०७१. तोंडी.

आणखी एक अंक हवा असेल, म्हणजे √२ ची किंमत १.४१४२१ घ्यायची असेल, तर पहिल्या रीतीत भाजकच बदलतो आणि सगळा भागाकार पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या रीतीत फक्त पुढच्या अंकाला दोनाने भागा. छेदात पूर्ण संख्या असण्याचा हा खरा फायदा. कागद-पेन्सिलीने हिशेब करणाऱ्या माणसांनी स्वतःची सोय म्हणून ही रीत उचलली. सोय विसरली गेली आणि नियम तेवढा उरला.

----------

ओसरी

खडूफळा सर, मनापासून आभार. आज रात्री दोन्ही रीतींनी करायला लावते. कापलेल्या गुणाचा प्रश्न मी पुन्हा बघितला, त्यात परिमेयीकरणाचा उल्लेख नाही. पण शाळेत जाऊन भांडायचं नाहीये. तिला कळलं की पुरे.

----------

लॉगटेबल

सरांच्या मुद्द्याला जोडून. आम्ही बारावीला फिजिक्सची उदाहरणं लॉगटेबलवर करायचो, बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे १/√२ चं परिमेयीकरण कोणी करत नसे, गरजच नव्हती. लॉग २ म्हणजे ०.३०१०, निम्मे ०.१५०५, उणे केलं की बार १ पॉइंट ८४९५ (म्हणजे −१ + ०.८४९५), अँटिलॉग ०.७०७१. संपलं.

पण १/(√५ − √३) आलं की लॉग हात टेकतो. गुणाकार-भागाकाराची बेरीज-वजाबाकी करणं एवढंच त्याला येतं, बेरीज-वजाबाकीचं तो काही करू शकत नाही. तिथे वरखाली √५ + √३ ने गुणलं की छेद ५ − ३ = २, आणि उत्तर (√५ + √३)/२. म्हणून दोन पदांच्या छेदात परिमेयीकरणाची जास्त गरज पडते. एकपदी छेदाने मुलांना ही रीत शिकवतात आणि नेमक्या तिथेच ती सगळ्यात कमी उपयोगाची वाटते.

----------

निळी शाई

हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आकडेमोडीचे प्रोग्रॅम लिहिणं हेच काम. "आता कॅल्क्युलेटर आहे, मग कशाला?" असं कोणी म्हणायच्या आधी एक गोष्ट लेकीकडून करून घ्या.

१/(√२ − १) घ्या. √२ ऐवजी १.४ धरला तर १/०.४ = २.५. परिमेयीकरण केलं की तीच संख्या √२ + १ होते, म्हणजे १.४ धरून २.४. खरी किंमत २.४१४२. अंदाज तोच कच्चा १.४, पण एका रूपात चूक ०.०८ च्या वर गेली, दुसऱ्यात जेमतेम ०.०१४.

आता त्याचा सहावा घात बघा. १/(√२ − १) चा सहावा घात म्हणजे (√२ + १) चा सहावा घात. हा सोडवला तर ९९ + ७०√२ येतो. (वर्ग ३ + २√२, घन ७ + ५√२, आणि घनाचा वर्ग ४९ + ५० + ७०√२.) १.४ धरून ९९ + ९८ = १९७. खरी किंमत १९७.९९ च्या आसपास. फरक एकाचा. तोच १.४ पहिल्या रूपात घातला तर ०.४ चा सहावा घात ०.००४०९६, आणि त्याचा व्यस्त २४४ च्या वर. कुठे १९८ आणि कुठे २४४!

असं का होतं? √२ आणि १ जवळजवळच्या संख्या आहेत. वजाबाकी केली की मोठा भाग उडून जातो आणि उरलेल्या छोट्या भागात सगळी चूक राहते. मग त्या छोट्या संख्येने भागलं की चूक फुगते. बेरजेत असं काही होत नाही. परिमेयीकरणाने आपण वजाबाकीची बेरीज करून घेतली.

----------

चिंचेचा पार

हे कोणी कधी सांगितलंच नाही. माझं "साचा" उत्तर मागे घेत नाही, पण हे त्याच्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहे.

----------

निळी शाई

अजून थोडं, कारण इथे एक उलटा प्रकारही आहे. √(क्ष + १) − √क्ष या पदावलीत छेद नाहीच, म्हणजे शाळेच्या नियमाने ती अगदी नीटनेटकी. क्ष = १०००० घ्या. √१०००१ ची किंमत चार दशांशांपर्यंत १००.००५०. वजा १००, उरलं ०.००५०. सात अंक हातात होते, उरले दोन. क्ष आणखी मोठा घेतला, एकावर सोळा शून्यं, तर संगणकाच्या नेहमीच्या दशांश साठवणीत क्ष + १ आणि क्ष यांत फरकच राहत नाही. उत्तर थेट शून्य येतं, आणि ते चूक आहे.

उपाय: वरखाली √(क्ष + १) + √क्ष ने गुणायचं. अंश होतो १ आणि करण्या मुद्दाम छेदात नेऊन बसवायच्या: १/(√(क्ष + १) + √क्ष). क्ष = १०००० ला हे १/२००.००५, म्हणजे ०.००४९९९८७५. सगळे अंक शाबूत. एकावर सोळा शून्यंवाल्या क्षलाही बरोबर उत्तर मिळतं.

म्हणजे माझ्या कामात कित्येकदा करणी छेदातच हवी असते. लेकीला हेही सांगा, म्हणजे भाग १ आणि भाग २ मध्ये भांडण आहे असं तिला वाटणार नाही. पुढे त्या संख्येचं काय करायचंय त्यावर रूप ठरतं. अकरावीत सीमा (लिमिट) शिकेल तेव्हा क्ष शून्याजवळ नेताना (√(क्ष + ४) − २)/क्ष मध्ये अंशाचंच परिमेयीकरण करेल. छेदातला क्ष आडवा येत असतो, तो तेव्हा कापला जातो आणि १/४ उरतं.

----------

गिरणाकाठ

मी चाळीसगावची. आमच्याजवळच पाटण, पाटणादेवीचं. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढल्याचा त्यात उल्लेख आहे. हे इथे का सांगतेय, तर ओसरीताईंच्या लेकीने जे केलं नाही म्हणून अर्धा गुण गेला, ते भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात श्लोकात सांगून ठेवलंय. त्यांच्याही आधी ब्रह्मगुप्ताने, ६२८ साली.

आधी शब्द. करणी म्हटलं की जादूटोणा नाहीतर गवंड्याचं हत्यार डोळ्यापुढे येतं. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळ करणारी बाजू. १ बाजूच्या चौरसाचा कर्ण घ्या, त्यावर नवा चौरस काढा, क्षेत्रफळ २ होतं. म्हणून तो कर्ण द्विकरणी. तिप्पट करणारी ती त्रिकरणी. वेदीचं माप दोरीने आखायचं असे, त्यामुळे बौधायनाने द्विकरणीची किंमत १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) अशी दिली. म्हणजे ५७७/४०८, पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर. लेकीच्या उदाहरणातही चौरस आणि कर्णच होता!

भास्कराचार्य √ चिन्ह वापरत नाहीत. करणीसाठी नुसतं "क" लिहितात: क १८ क ३ म्हणजे आपलं √१८ + √३. त्यांचं उदाहरण असं: क ९ क ४५० क ७५ क ५४ याला क १८ क ३ ने भागा. रीत अशी की भाजकातल्या एका करणीचं चिन्ह उलटं करा, त्या बदललेल्या भाजकाने भाज्य आणि भाजक दोन्हींना गुणा, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. इथे √१८ − √३ ने गुणलं की भाजक १८ − ३ = १५ उरतो. भागाकार येतो √२५ + √३, म्हणजे ५ + √३.

√१८ + √३ आणि √१८ − √३ अशा जोडीला आजचं पुस्तक अनुबद्ध जोडी म्हणतं. "पुन्हा पुन्हा करा" हे मात्र आपल्या पुस्तकात नाही आणि मला तेच फार आवडतं. दोन करण्यांवर ते थांबत नाहीत.

पडताळा लेकीवर सोपवा: (√१८ + √३)(५ + √३) सोडवून बरोबर √४५० + √५४ + √७५ + √९ येतं का बघ म्हणावं.

----------

खडूफळा

गिरणाकाठताई, वाचनखूण साठवली. अनुबद्धवर वर्गात होणाऱ्या तीन चुका सांगतो, ओसरीताईंना वही तपासताना उपयोगी पडतील.

पहिली आणि सर्रास: छेद √५ + √३ असला की मुलं √५ + √३ नेच गुणतात. "√२ ला √२ ने गुणलं की करणी जाते" हे डोक्यात असतं. पण (√५ + √३) चा वर्ग ८ + २√१५, करणी तिथेच, आता नव्या रूपात. करणी जाते ती (अ + ब)(अ − ब) = अ² − ब² मुळे, कारण त्यात मधलं पदच नसतं. हे सूत्र आठवीपर्यंत पाठ झालेलं असतं, पण ते इथे कामाला येतंय हे मुलाच्या लक्षात आणून द्यावं लागतं.

दुसरी चूक, फक्त छेदाला गुणणं. (√५ − √३)/(√५ − √३) म्हणजे १, आणि १ ने गुणून किंमत बदलत नाही, हे ज्याला पटलं तो ही चूक करत नाही. ज्याने "वरखाली गुणा" एवढंच पाठ केलं तो घाईत वरचं विसरतो.

तिसरी घनमुळाची. १/∛२ ला वरखाली ∛२ ने गुणून भागत नाही, छेदात ∛४ येतं. ∛४ ने गुणा, मग छेद ∛८ = २. हा प्रश्न तोंडी विचारला की वर्गातल्या हुशार मुलांचीही गाडी थबकते आणि खरा विचार तिथून सुरू होतो.

----------

झेरॉक्सवाला

मी गणितातला नाही. कोल्हापुरात झेरॉक्सचं दुकान आहे. धागा वाचत होतो, ०.७०७ दिसलं आणि चमकलो.

आमच्या मशीनवर ए-३ चा ए-४ करायचा तर ७१ टक्के आणि ए-४ चा ए-३ करायचा तर १४१ टक्के अशी तयार बटणं असतात. रोज दाबतो. १४१ चे निम्मे ७०.५, म्हणजे जवळजवळ ७१. हा योगायोग आहे का?

----------

खडूफळा

योगायोग अजिबात नाही! दादा, तुम्ही धाग्यातला सगळ्यात सुंदर दाखला दिलात.

ए-४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर. २९७ भागिले २१० केलं तर १.४१४ येतं, म्हणजे √२. हे माप मुद्दाम असं निवडलंय, की कागद मधोमध दुमडला तरी आकार तोच राहावा. रुंदी १ आणि लांबी √२ धरा. लांबीत घडी घातली की लांबी निम्मी, √२/२. आता घडी घातलेला कागद आडवा धरा: त्याच्या बाजू √२/२ आणि १. आकार मूळ कागदासारखाच म्हणून लहान बाजूचं मोठ्या बाजूशी प्रमाण १ : √२ असलंच पाहिजे. म्हणजे १/√२.

तीच बाजू, एकदा घडी घालून √२/२ मिळाली आणि एकदा आकार लहान करून १/√२. ओसरीताई, लेकीच्या हातात एक ए-४ कागद द्या. परिमेयीकरण म्हणजे ती घडी. ७१ टक्के आणि १४१ टक्क्यांचे निम्मे हे त्याचमुळे जुळतं, थोडा फरक दिसतो तो टक्के पूर्णांकात लिहितात म्हणून.

----------

झेरॉक्सवाला

आत्ता एक कागद दुमडून दुसऱ्यावर ठेवला. कर्णाच्या रेषेत बरोबर बसतो. इतकी वर्षं कागद हाताळतोय, आज पहिल्यांदा बघितलं.

----------

ओसरी

काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बसलो. १४१४२ चा भागाकार तिने पूर्ण केला, दोनदा चुकला. मग √२/२ केल्यावर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं ना."

१.४ धरून काढलेला तो सहावा घात तिला सगळ्यात आवडला. २४४ आल्यावर आपलंच चुकलं असं समजून तीनदा करून बघितला. कागदाची घडी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे, मैत्रिणींना दाखवायला.

आता तिचे दोन प्रश्न आहेत. एक, १/π चं परिमेयीकरण का करत नाहीत? दोन, छेदात तीन करण्या आल्या तर?

----------

निळी शाई

पहिल्याचं उत्तर मी देतो. छेदातली करणी का जाते? √२ ला √२ ने गुणलं की २ मिळतात म्हणून. करणी हे परिमेय सहगुणक असलेल्या कुठल्या तरी समीकरणाचं मूळ असतं, √२ हे क्ष² = २ चं. त्या समीकरणाच्या जोरावर ती छेदातून हलवता येते. π असल्या कुठल्याच समीकरणाचं मूळ नाही, हे १८८२ मध्ये लिंडेमान यांनी सिद्ध केलं. त्यामुळे π ला π च्या कितीही घातांनी गुणा, बेरीज-वजाबाकी करा, हातात परिमेय संख्या येत नाही. १/π चा छेद आहे तसाच राहणार. नववीतल्या मुलीने हा प्रश्न विचारावा याचं मला फार कौतुक वाटतं.

----------

गिरणाकाठ

दुसरा प्रश्न म्हणजे भास्कराचार्यांचं "पुन्हा पुन्हा". १/(√२ + √३ + √५) घ्या. पहिल्या दोघांना एक गट समजून √५ चं चिन्ह बदला, √२ + √३ − √५ ने वरखाली गुणा. छेद (√२ + √३)² − ५, म्हणजे ५ + २√६ − ५ = २√६. एकच करणी उरली. मग √६ ने गुणा. उत्तर (२√३ + ३√२ − √३०)/१२.

पण २ + ३ = ५ म्हणून हे इतकं चटकन सुटलं. √५ च्या जागी √७ घालून करायला सांगा आणि काय होतं ते कळवा.

----------

लॉगटेबल

आणि शाळेला सुटी असेल त्या दिवशी हे द्या: १/(√१ + √२) + १/(√२ + √३) + १/(√३ + √४) … असं १/(√९९ + √१००) पर्यंत. एकूण ९९ पदं. किंमत काढायला लागली तर दिवस जाईल, प्रत्येक पदाचं परिमेयीकरण केलं तर दोन मिनिटं. उत्तर सांगत नाही.

----------

ओसरी

√७ चं झालं. तिची वही बघून इथे टाइप करतेय.

√२ + √३ − √७ ने गुणल्यावर छेद ५ + २√६ − ७, म्हणजे २√६ − २. तिथे थांबून म्हणाली, "अजून गेली नाही." मग स्वतःच २ बाहेर काढून √६ + १ ने गुणलं. छेद २ × (६ − १) = १०. उत्तर: (√२ + √३ − √७)(√६ + १)/१०. खाली दोन रेघा.

लॉगटेबलदादा, तुमचंही झालं. पहिलं पद √२ − १, दुसरं √३ − √२, तिसरं २ − √३. तीन पदं लिहून पेन खाली ठेवलं आणि "नऊ!" म्हणून ओरडली, बाबा झोपेतून उठले. आता म्हणतेय की १०० पर्यंतच का थांबायचं, १०००० पर्यंत नेऊया. सांगायच्या आधीच वहीत ९९ लिहून ठेवलंय.